दोन फेऱ्या राहिल्या होत्या

वाचकहो, कोणत्याही शर्यतीहून परतलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो तो एकच : कोण जिंकलं? दुसरा कोण आला हे क्वचित विचारतो आणि अकरावा कोण आला हे तर कोणीच विचारत नाही. आज मी तुम्हाला सांगणार आहे ती गोष्ट अकराव्या आलेल्या माणसाची. वर्ष १९१२, गाव अमेरिकेतलं इंडियानापोलिस, आणि माणसाचं नाव राल्फ डी पाल्मा. त्या दिवशीची शर्यत जो जॉसन नावाच्या तरुणाने जिंकली. खरं म्हणजे त्याचं नाव डॉसन. आणि पाहा, जिंकणाऱ्याचं नाव माझ्या लेखणीतून पहिल्या फटक्यात नीट उतरलं नाही, इतकं ते लोकांच्या जिभेवरून गेलेलं आहे. डी पाल्माचं मात्र तसं नाही.

हा माणूस मूळचा अमेरिकन नव्हे. दक्षिण इटलीतल्या अपुलिया प्रांतात १८८२ साली तो जन्मला. तिकडची शेती कोरडवाहू, जमीन थोड्यांच्या हाती, आणि खाणारी तोंडं फार. त्या काळात तिथून माणसं बोटींत भरभरून अमेरिकेला जात. डी पाल्मांचं कुटुंबही तसंच गेलं. राल्फ तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता. मोठा झाल्यावर आधी सायकलच्या शर्यती, मग मोटारसायकलच्या आणि १९०८ च्या सुमारास मोटारींच्या, अशी त्याची चढती भाजणी. त्या पिढीतले बहुतेक सगळेच शर्यतपटू याच वाटेने आले. मोटार हीच मुळी नवी वस्तू होती. तिच्यासाठी वेगळी तालीम कुठून असणार?

त्या वेळी अमेरिकेत मोटारशर्यत म्हटली की बार्नी ओल्डफील्डचं नाव निघे. हाही सायकलवाला. १९०२ साली हेन्री फोर्डच्या '९९९' नावाच्या गाडीवर तो बसला, तेव्हा त्याला मोटार हाकण्याचा अनुभव जवळजवळ नव्हता; आणि त्याने पहिल्याच मोठ्या सामन्यात नावाजलेल्या अलेक्झांडर विंटनला हरवलं. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, गोल मैदानावर एका मिनिटात एक मैल गाडी नेणारा तो पहिला ठरला. तोंडात चिरूट, अंगात रग आणि गावोगावच्या जत्रांत तंबू ठोकून खेळ दाखवावा तशी त्याची फिरती. लोकांना तो आवडे. डी पाल्मा अगदी उलट स्वभावाचा : नीटनेटका, मितभाषी, बोलण्यात मार्दव. या दोघांचं एकमेकांशी कधीच पटलं नाही. त्यांच्या वैराची हकिगत पुढे येणारच आहे. आधी १९१२ ची शर्यत सांगून टाकू.

इंडियानापोलिसचं मैदान १९०९ साली बांधलं गेलं. एक फेरी अडीच मैलांची. पहिल्या वर्षी वरचा थर उखडून अपघात झाले, माणसं मेली, तेव्हा मालकांनी सगळ्या वाटेवर विटा बसवल्या. किती? सुमारे बत्तीस लाख! शिक्षक मित्रांनी वर्गात मुलांना हा आकडा जरूर सांगावा. मोठी संख्या डोळ्यांपुढे उभी करायला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. या विटांवरून २०० फेऱ्या, म्हणजे ५०० मैल, अशी शर्यत १९११ सालापासून सुरू झाली. त्या पहिल्या वर्षी रे हॅरून जिंकला आणि डी पाल्मा सहावा आला. हॅरून गाडीत एकटाच बसला होता. मागचं दिसावं म्हणून त्याने समोर आरसा लावला होता. इतरांनी ओरड केली, आणि १९१२ पासून नियम झाला की चालकाच्या शेजारी एक मिस्त्री बसलाच पाहिजे.

हा मिस्त्री काय करी? इंधनाच्या टाकीत हाताच्या पंपाने हवा भरून दाब कायम ठेवी, तेल बघे, टायर कुठे फाटतोय का यावर नजर ठेवी, मागून कोण येतंय ते चालकाच्या कानाशी ओरडून सांगे. गाडी उलटली तर चालकाबरोबर तोही फेकला जाई. बक्षीस मात्र चालकाच्या नावाने आणि फोटोही त्याचाच. १९१२ ला डी पाल्माच्या शेजारी बसला होता रूपर्ट जेफकिन्स, हा ऑस्ट्रेलियाचा. त्याचंही नाव लक्षात असू द्या.

३० मे १९१२. डी पाल्माची गाडी जर्मन बनावटीची मर्सिडीज, एका धनिकाच्या मालकीची, नंबर ४. पहिल्या दोन फेऱ्या टेडी टेट्झलाफ पुढे होता. तिसऱ्या फेरीत डी पाल्माने त्याला मागे टाकलं, आणि तिथून पुढे जणू शर्यत उरलीच नाही. पन्नास फेऱ्या झाल्या, शंभर झाल्या, दीडशे झाल्या. मर्सिडीज पुढे आणि बाकीचे मागे. शेवटाशेवटाला त्याच्यात आणि दुसऱ्या क्रमांकाच्या डॉसनमध्ये पाचाहून अधिक फेऱ्यांचं अंतर पडलं होतं. पाच फेऱ्या म्हणजे साडेबारा मैल! प्रेक्षकांतले काही घरी निघायच्या तयारीला लागले असतील तर त्यात नवल नाही.

आणि पाच-सहा फेऱ्या राहिल्या असताना मर्सिडीजचा सूर बदलला.

ज्यांच्या विहिरीवर डिझेल इंजिन आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. इंजिनाचा आवाज मालकाच्या कानात बसलेला असतो. एक ठोका चुकला तरी जेवता जेवता घास थांबतो. डी पाल्मालाही तो चुकलेला ठोका ऐकू आला असणार. झालं होतं असं की, इंजिनातला एक कनेक्टिंग रॉड तुटला होता. दट्ट्या वरखाली होतो आणि दांडा गोल फिरतो. या दोहोंना जोडणारा हात म्हणजे हा रॉड. मिनिटाला हजाराहून अधिक वेळा तो ओढला जातो आणि दाबला जातो. माणूस थकतो तसा धातूही थकतो, फक्त तो आधी तक्रार करीत नाही. एकदा तुटला की मोकळं टोक आत गरगरतं आणि इंजिनाचं कवच फोडून बाहेर येतं. तेल सांडतं. उरलेली सिलिंडरं त्या मेलेल्या सिलिंडराचं ओझं ओढीत राहतात.

थांबावं तर शर्यत गेली. चालावं तर इंजिन केव्हा गोठेल याचा नेम नाही. डी पाल्मा चालत राहिला. वेग उतरत उतरत गेला. डॉसन एकेक फेरी भरून काढू लागला : पाचाच्या चार, चाराच्या तीन. डॉसनच्या गाडीचा कारखाना इंडियानापोलिसचाच. गावची गाडी, गावचा चालक. तरी त्या घटकेला लोकांचं मन कोणाकडे होतं हे पुढच्या प्रकारावरून दिसतं. १९८ फेऱ्या पूर्ण करून मर्सिडीज १९९ व्या फेरीत शिरली आणि इंजिन बंद पडलं. दोन फेऱ्या राहिल्या होत्या. ५०० मैलांतले पाच मैल.

डी पाल्मा आणि जेफकिन्स खाली उतरले, गाडीच्या मागे गेले, आणि ढकलू लागले.

टनाहून अधिक वजनाचं धूड, विटांचा रस्ता, मे महिन्याची दुपार आणि सहा तास गाडी हाकून पिळवटलेली शरीरं. किती अंतर ढकलली? कोणी मैलभर सांगतो, कोणी त्याहून कमी. अशा गोष्टी सांगता सांगता लांबतात, हे इतिहास शिकवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पण छायाचित्र आहे, आणि ते खोटं बोलत नाही : प्रेक्षकांच्या सज्जांसमोरच्या सरळ पट्ट्यावरून दोन माणसं वाकून गाडी ढकलीत आहेत. त्यांच्या बाजूने डॉसन गेला, पुन्हा गेला आणि जिंकला. लोकांनी जयघोष केला तो या ढकलणाऱ्यांचा. डी पाल्मा हसला आणि त्याने डॉसनचं अभिनंदन केलं.

आता प्रश्न असा की, ढकलून मिळणार काय होतं? काहीही नाही. गाडीने स्वतःच्या बळावर धावलं पाहिजे, ढकललेली फेरी धरली जात नाही, हे दोघांनाही माहीत होतं. बक्षिसं दहाव्या क्रमांकापर्यंत होती आणि ती सर्व २०० फेऱ्या पुऱ्या करणाऱ्यालाच. डी पाल्माच्या नावावर १९८ फेऱ्या लागल्या आणि क्रमांक अकरावा. डॉसनला वीस हजार डॉलर मिळाले. दहाव्या क्रमांकाची गंमतही ऐकण्यासारखी आहे. राल्फ मलफर्ड नावाचा चालक बराच मागे उरला होता. त्याला सांगण्यात आलं, दहावं बक्षीस हवं तर सगळ्या फेऱ्या पुऱ्या कर. त्याने केल्या! मैदान रिकामं होत गेलं, हा मधून मधून थांबत, म्हणे तळलेली कोंबडी खात, फेऱ्या मारीत राहिला. एकूण आठ तास त्रेपन्न मिनिटं लागली. डॉसनला साडेसहा तासांच्या आतच लागले होते.

काही लोक म्हणतात की डी पाल्माने लोकांच्या टाळ्यांसाठी गाडी ढकलली. मला ते पटत नाही. ज्या गाडीने १९६ फेऱ्या आघाडी दिली तिला मैदानाच्या कडेला बेवारशी टाकून निघून जाणं त्याला बरं वाटलं नसावं. बैल वाटेत बसला तर शेतकरी गाडी सोडून घरी जातो का? आजवर त्या मैदानावर न जिंकता इतक्या फेऱ्या पुढे राहिलेला दुसरा माणूस झालेला नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिलवॉकीला मोठ्या शर्यती होत्या. सरावातच, १ ऑक्टोबरला, डेव्हिड ब्रूस-ब्राउन हा उमदा चालक टायर फुटून गेला. त्याचा मिस्त्रीही वाचला नाही. तरी शर्यती थांबल्या नाहीत. त्या काळाचा हा निर्दयपणा आपण नजरेआड करू नये. विक्रमांच्या यादीखाली अशी किती नावं गाडली गेली आहेत! दुसऱ्या दिवशी डी पाल्माने व्हँडरबिल्ट करंडक जिंकला. पुढच्या एका शर्यतीत, ५ तारखेला, तो कॅलेब ब्रॅगच्या फियाटचा पाठलाग करीत होता. शेवटची फेरी. पुढे काढताना चाकाला चाक लागलं, मर्सिडीज उलटली आणि डी पाल्मा जिवावर बेतेल इतका जखमी झाला. लोक ब्रॅगवर तुटून पडले असते. पण उचलून नेत असतानाच डी पाल्माने सांगितलं की ब्रॅगचा दोष नाही, त्याने मला पुरेशी वाट दिली होती. मे महिन्यातलं हसू एक वेळ देखाव्याचं म्हणता येईल. हे मात्र नाही. मरणाच्या दारात माणूस देखावा करीत नाही. त्या वर्षीचं राष्ट्रीय अजिंक्यपद डी पाल्माकडेच गेलं.

आता ओल्डफील्ड. १९१४ च्या सुरुवातीला डी पाल्मा मर्सर कंपनीच्या संघाचा कप्तान होता. कंपनीने त्याला न विचारता ओल्डफील्डला संघात घेतलं. डी पाल्माने तत्काळ राजीनामा दिला. शर्यत तोंडावर आलेली, हाती गाडी नाही. तेव्हा त्याने जुनी मर्सिडीज बाहेर काढली. 'ग्रे घोस्ट' म्हणजे राखाडी भूत हे तिचं टोपणनाव. २६ फेब्रुवारी १९१४ रोजी कॅलिफोर्नियात सँटा मोनिकाला समुद्रकाठच्या रस्त्यांवर व्हँडरबिल्ट करंडकाची शर्यत लागली. ओल्डफील्डची मर्सर अधिक वेगवान, हे डी पाल्माला पक्कं ठाऊक होतं, कारण ती गाडी त्याच्या हाताखालून गेलेली. पण ओल्डफील्ड वळणांवर आडदांडपणे गाडी फिरवी आणि टायर खाई. हा मात्र टायर जपत होता.

शेवटच्या टप्प्यात डी पाल्माने आपल्या माणसांना हाताने खूण केली : पुढच्या फेरीला थांबतो, टायर तयार ठेवा. खूण अशी केली की ती ओल्डफील्डच्या नजरेला पडावी. ओल्डफील्डने विचार केला, हा थांबणारच आहे, तर आपणही आताच टायर बदलून घेऊ. तो थांबला. आणि डी पाल्मा? तो न थांबता सरळ निघून गेला! ओल्डफील्डने मग जिवाच्या कराराने पाठलाग केला, पण मिनिटाहून अधिक अंतर राहिलंच. सज्जन म्हणून गाजलेल्या माणसाचा हा गनिमी कावा. यात फसवणूक होती का, असा प्रश्न एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारील. नियम कोणताही मोडला नव्हता. खूण केली म्हणजे थांबलंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नव्हतं. तरीही त्या खुणेत थोडी खुन्नस होती, हे मी तरी कबूल करीन, आणि मला त्यामुळे हा माणूस अधिकच जवळचा वाटतो.

त्याच वर्षी ४ जुलैला फ्रान्समध्ये लियॉन इथे मोठी ग्रां प्री झाली. डी पाल्मा तिथे व्हॉक्सहॉल या इंग्रजी गाडीवर होता आणि गाडी बिघडून बाहेर पडला. पण त्याने जे पाहिलं ते मोलाचं होतं : मर्सिडीजच्या नव्या गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. त्यांतली एक गाडी त्याने मिळवली आणि महायुद्धाचा वणवा पेटण्याच्या सुमारास ती अमेरिकेला पोचती झाली. डेट्रॉइटला पॅकार्डच्या कारखान्यात ती तयार केली गेली, तेव्हा तिथल्या इंजिनियरांनी जर्मन इंजिनाची रचना बारकाईने पाहून घेतली. पोलादाची सुटी सिलिंडरं आणि त्यांभोवती पाण्यासाठी जोडलेलं पत्र्याचं वेष्टण, ही त्या इंजिनाची रीत. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा 'लिबर्टी' नावाचं जे विमानाचं इंजिन घाईघाईने आखलं गेलं, त्यात पॅकार्डचे मुख्य इंजिनियर जेसी व्हिन्सेंट यांचा मोठा हात होता, आणि त्याची सिलिंडरं याच रीतीची होती. जर्मनांशी लढायला जर्मनांचीच विद्या!

याच गाडीने १९१५ ला डी पाल्मा इंडियानापोलिसला उतरला. पावसाने शर्यत दोन दिवस लांबून ३१ मे ला झाली. प्यूजो गाडीवरच्या डारिओ रेस्टाशी चुरस लागली. रेस्टा मागे पडला, डी पाल्मा पुढे निघाला आणि तीनेक फेऱ्या उरल्या असताना इंजिनातून तोच आवाज आला. तुम्ही म्हणाल, मी गोष्ट रंगवतो आहे. नाही. पुन्हा कनेक्टिंग रॉड! पुन्हा कवचाला भोक! तीन वर्षांपूर्वी जे झालं ते ज्यांनी पाहिलं होतं त्यांचे श्वास कसे अडकले असतील याची कल्पना करा. त्या दिवशी शेजारी जेफकिन्स नव्हता. लुई फाँटेन नावाचा मिस्त्री होता. पण या वेळी इंजिनाने दम धरला. खडखडत, तेल ओकत गाडी रेषा ओलांडून गेली. सरासरी ताशी ८९.८४ मैल, हा विक्रम पुढे सात वर्षं, १९२२ पर्यंत, कोणाला मोडता आला नाही. पाचशे मैलांची ही शर्यत तो एकदाच जिंकला, ती ही.

१२ फेब्रुवारी १९१९ रोजी फ्लॉरिडात डेटोनाच्या वाळूवर बारा सिलिंडरांच्या पॅकार्डवर त्याने एक मैल ताशी १४९.८७५ मैल वेगाने कापला. आकडे आणखीही आहेत. त्याने दोन हजारांवर शर्यती जिंकल्या असं सांगतात. पण जत्रेतल्या धूळभरल्या मैदानावरचा पाच मैलांचा सामना आणि इंडियानापोलिस एका तागडीत तोलू नये. १९२० साली तो अमेरिकेचा नागरिक झाला. त्याच वर्षी इंडियानापोलिसला बॅलो या फ्रेंच गाडीवर तो पुढे होता आणि पंधराहून कमी फेऱ्या उरल्या असताना गाडी अडली. त्या वेळी शेजारी मिस्त्री म्हणून बसला होता त्याचा सख्खा भाचा, पीट डी पाओलो. भाच्याला वाटलं पेट्रोल संपलं. तो बिचारा मैदानातून पेट्रोल आणायला धावत सुटला. गाडी कशीबशी पुन्हा चालू झाली, पण क्रमांक पाचवा आला. १९२१ ला पुन्हा बॅलो, पुन्हा १०८ फेऱ्या आघाडी, आणि पुन्हा रॉड तुटला. पहिल्या वर्षापासून धरलं तर या मैदानावर तो एकूण ६१२ फेऱ्या पुढे राहिला. ती संख्या ओलांडायला अल अन्सरला १९८० चं दशक उजाडावं लागलं आणि तोवर अन्सर चार वेळा जिंकून बसला होता.

१९२१ च्या जुलैत फ्रान्सला ल मान्स इथे ग्रां प्री झाली. रस्ता इतका उखडला की पुढच्या गाडीच्या चाकाखालचे दगड मागच्याच्या तोंडावर गोळ्यांसारखे येत. तिथे जिमी मर्फी हा अमेरिकन तरुण, बरगड्या मोडलेल्या असताना छातीला पट्ट्या बांधून, ड्युझेनबर्ग गाडीवर पहिला आला. डी पाल्मा दुसरा. अमेरिकन गाडीने फ्रेंच ग्रां प्री पहिल्यांदाच जिंकली होती. तिचा पाठलाग करणारा अमेरिकन मात्र फ्रेंच गाडीवर, आणि जन्माने इटालियन. कोणता देश कोणाला हरवीत होता ते ज्याचं त्याने ठरवावं!

१९२३ पासून मिस्त्री शेजारी बसवण्याची सक्ती गेली. भाचा पीट तोवर स्वतःच चालक झाला होता. ३० मे १९२५ ला त्याने ड्युझेनबर्गवर इंडियानापोलिसची शर्यत जिंकली. सरासरी ताशी १०१.१३ मैल, पाचशे मैलांत शंभराची सरासरी ओलांडणारा तो पहिला. मामा १९५६ पर्यंत जगला, पण त्या मैदानावरची त्याची ही शेवटची पाचशे मैलांची शर्यत. वय बेचाळीस, गाडी मिलर. तो सातवा आला. या खेपेला मात्र इंजिन टिकलं, आणि २०० च्या २०० फेऱ्या त्याने गाडीत बसून पुऱ्या केल्या.